पवनचक्कीखालचा गरुड

१

सापमार गरुड मेला होता, आणि तो नेमका तीन नंबरच्या पवनचक्कीच्या पायथ्याशी पडला होता. समिती यायला जेमतेम चार दिवस उरलेले असताना यापेक्षा वाईट बातमी अरिहंत कोचरला कुणी देऊ शकलं नसतं.

अरिहंत पवनचक्कीच्या कंपनीत परवानग्यांचं काम बघायचा. नंदुरबारच्या कापडवाल्या कोचरांचा हा धाकटा मुलगा. दुकानाच्या गादीवर बसायचं त्याने नाकारलं होतं, म्हणून घरात अजून कुरकुर चालायची. रनाळ्याच्या पुढे काळटेक नावाचं उघडं पठार आहे. तिथे कंपनीच्या काही पवनचक्क्या फिरत होत्या आणि आणखी उभारायच्या होत्या. त्या परवानगीसाठीच सरकारी समिती पाहणीला येणार होती.

समितीपुढे जाणारा अहवाल प्रिस्किला गावितचा होता. नवापूरकडच्या डोंगरातल्या शेतकरी घरातली ही बाई, वनस्पतिशास्त्र शिकलेली, आता पशुपक्षी-वनस्पतींच्या सर्वेक्षणांची सगळी जबाबदारी सांभाळणारी. अख्खं वर्ष तिची माणसं पहाटेपासून या पठारावर उभी राहिली होती. कोणता पक्षी कुठून येतो, किती उंचीवरून जातो, वटवाघळं कुठे निघतात, कोणतं गवत कुठे उगवतं, सगळं त्यांनी पाहिलं. मग तिने कंपनीला स्पष्ट सांगितलं, "दक्षिणेची कडा सोडून द्या. तिथे वारा दरीतून वर चढतो, शिकारी पक्षी त्यावर तरंगतात. मधल्या पठारावर बांधा." कंपनी चरफडली, पण तिने कडा सोडली. असा सल्ला द्यायला जिगर लागते, हे अरिहंतला तेव्हाच कळलं होतं.

आणि आता मधल्याच पठारावर, सुरक्षित म्हणून सांगितलेल्या जागी, गरुड मरून पडला होता. म्हणजे वर्षाची मेहनत खोटी ठरणार, आणि प्रिस्किलाचं नावही.

ती गुडघ्यांवर बसून पक्ष्याकडे बघत होती. हात लावत नव्हती. मग मोजे चढवून तिने एक पंख हलकेच उघडला, मिटला. शेपूट पाहिलं. पोटाखाली बोटं सरकवली आणि तिथेच थांबली.

"वनखात्याची माणसं येईपर्यंत कुणी जवळ येऊ नका," ती उठत म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आणि अरिहंतभाऊ, एक सांगते. याला पवनचक्कीने मारलेलं नाही."

२

"कशावरून म्हणता?" अरिहंतने विचारलं.

"पातं लागलं तर पंख तुटतो, छाती फुटते. याचं एक हाडसुद्धा हललेलं नाही. डॉक्टर बघतीलच, पण मला तरी शंका नाही."

दुपारी नंदुरबारहून पशुवैद्यांचा फोन आला आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. नर पक्षी, हाडं शाबूत. एका पायाच्या तळव्यावर आणि पंखाच्या सांध्यावर मात्र भाजल्याची छोटी काळी खूण होती. विजेचा धक्का.

"पायाखाली लोखंड आणि पंखाला तार," प्रिस्किला म्हणाली. "हा खांबावर बसला होता. इथे पठारावर खांबच नाहीत, केबल जमिनीखालून नेलीय. म्हणजे मेला दुसरीकडे, आणि कुणीतरी त्याला इथे आणून ठेवलं."

पक्षी पहिल्यांदा पाहिला तो रायसिंगने. खालच्या पाड्यावरचा हा गुराखी. पठारावरचं चराईरान गेलं म्हणून पवनचक्क्यांवर त्याचा राग होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. तिथल्या इंजिनिअरने तर सकाळीच ठरवून टाकलं होतं की हे काम रायसिंगचंच.

प्रिस्किला त्याच्या शेजारी दगडावर बसली. "दादा, तुम्ही आलात तेव्हा कसा होता तो? जसं दिसलं तसं सांगा."

"सकायमा ढोरं लई उनू, तवय दखा," रायसिंग म्हणाला. "मी कसाले मारसू त्याले? तो साप मारीसन खास. आम्हना कामना पक्षी शे."

"उताणा होता की पालथा?"

"पालथा. पंख मिटेल. जसं काही कोणी निजाडी दिन्हं. आन् वर लिंबाना डगया व्हता. तो मी बाजूले कया."

प्रिस्किलाने मान वर केली. "कडुलिंबाची फांदी? ती कुठे आहे?"

फांदी जवळच पडली होती. पानं अजून पुरती सुकली नव्हती. प्रिस्किलाने देठ अरिहंतपुढे धरलं. कोयत्याचा घाव नव्हता, हाताने मोडलेलीही नव्हती. तिरका, स्वच्छ काप. कात्रीचा.

"काळटेकावर लिंबाचं एकही झाड नाही," ती म्हणाली. "आणि भाऊ, तुम्हाला सकाळी सांगितलं नाही. त्या पक्ष्याच्या पोटाची पिसं ओली होती. मार्च महिना, रात्री दव नाही, खाली तापलेला मुरूम. ओल कुठून आली?"

अरिहंतने फांदी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"त्याला बर्फात ठेवलं होतं," प्रिस्किला म्हणाली.

३

रनाळ्यात बर्फ म्हटला की एकच दुकान, माणकचंदांचं. थंड पेयं, कुल्फी आणि लग्नसराईत बर्फाच्या लाद्या. माणकचंद अरिहंतच्या वडिलांचे जुने स्नेही, त्याचे काकासा. अडचण अशी की कंपनीने सोडून दिलेल्या दक्षिण कडेवरची जमीन त्यांचीच होती. पवनचक्की उभी राहिली असती तर घरबसल्या भाडं आलं असतं. प्रिस्किलाच्या अहवालाने ते गेलं, आणि हे ते गावभर बोलून दाखवत.

वाटेत अरिहंतच्या डोक्यात एकच विचार होता. उद्या काकासांवर बोट दाखवायची वेळ आली तर घरी तोंड कसं दाखवायचं?

माणकचंदांनी दोघांना बसवलं, सरबत मागवलं आणि सरळ विषयाला हात घातला. "बठा, ताई. माले मालूम शे तुम्ही कसाले उनात. मन्ही जमीन तुम्ही सोडाले लावी, म्हणीसन मी पक्षी मारी ठेवा, अशेच ना?"

"मी तसं म्हटलं नाही, शेठ."

"गाव म्हनस ना." त्यांनी उसासा टाकला. "ताई, आम्ही जैन माणसं. मुंगीले वाट देतस. राग मन्हा शे, तो शेच. पण पक्षी मारीसन राग काढाना, हाऊ धंदा मन्हा नही."

प्रिस्किलाने फक्त एकच गोष्ट मागितली. बर्फ कसा ठेवता ते दाखवा, म्हणाली. मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या लाकडाच्या भुशात पुरून ठेवल्या होत्या. सगळीकडे भुसा, भिंतींवर, दारावर, नोकराच्या पायांवर. तिने चिमूटभर उचलला, बोटांवर चोळला आणि आभार मानून बाहेर पडली.

"हे काम काकासांचं नाही," गाडीत बसताच ती म्हणाली. अरिहंतने गाडी सुरू केली.

"त्या पिसांत भुशाचा कणसुद्धा नव्हता. आणि दुसरं, त्याचं शेपूट. सगळी पिसं एकाच रेषेवर वाकलेली होती. गरुड जिच्यात मावत नाही अशा पेटीत ठेवला की शेपूट असं दुमडतं. इथे पेटीच नाही. शिवाय विचार करा. शेठजींना पवनचक्की बदनाम करायची असती, तर त्यांनी पक्ष्याचा पंख मोडून टाकला असता. नीट मिटून, वर फांदी घालून कशाला ठेवतील?"

"मग कुणी?"

"आधी कुठे, ते शोधू. त्याच्या मांडीच्या पिसांत आघाड्याचं बी अडकलं होतं. पठारावर नुसती कुसळं आहेत. आघाडा सावलीत वाढतो, ओढ्याकाठी. विजेचे खांब ओढ्याकाठून जातात ना?"

अरिहंतचे हात स्टिअरिंगवर थबकले. ती लाइन कंपनीची होती. आणि तिच्या खांबांवर पक्ष्यांसाठी संरक्षण बसवल्याच्या दाखल्यावर त्याची स्वतःची सही होती.

४

लाइन टाकली होती पितांबर बोरसे या ठेकेदाराने. पायथ्यापासून ओढ्याच्या काठाने ती वर चढत होती. पहिल्या परवानगीतच अट होती की प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, आडव्या लोखंडी पट्टीजवळच्या तारांवर रबरी आवरण बसवायचं, म्हणजे मोठा पक्षी बसला तरी त्याला धक्का लागणार नाही. ही अटही प्रिस्किलानेच सुचवली होती.

पितांबर खांबांखालीच भेटला. मोकळाढाकळा माणूस, पण प्रिस्किलाला बघून त्याचं हसू थोडं आखडलं.

"काल लाइन गेली होती का हो?" तिने सहज विचारलं.

"दुपारना उडनी व्हती, ताई. जराशी. आपोआप उनी. वांदरं चढतस कधीमधी."

प्रिस्किला खांबामागून खांब वर बघत चालू लागली. आवरणं होती, काळी, व्यवस्थित. अरिहंतचा जीव भांड्यात पडू लागला. मग ओढा वळला, काठ उभा झाला, आणि वळणावरच्या खांबाशी ती थांबली. माथ्यावर उघडी तार उन्हात चकाकत होती. पुढचे दोन खांबही तसेच. खाली आघाडा कमरेएवढा माजला होता, आणि त्यात एक तपकिरी पीस अडकलं होतं.

"पितांबरभाऊ," अरिहंतने हाक मारली.

पितांबरने डोक्यावरची टोपी काढली. "तठे शिडी लागत नही, साहेब. वर उचलनारी बूमनी गाडी लागस. नंतर करसूत म्हणीसन ऱ्हाई गयं."

"आणि मेलेला पक्षी उचलून पवनचक्कीखाली टाकलास? स्वतःची चूक झाकायला?"

"देवनी आन, साहेब. पक्षी मी दखाच नही. काल दिवसभर मी न् पोरं आठेच व्हतूत, खालना खांबस्वर. आम्हनामाईन तिकडे कोणी गयं नही."

अरिहंतला वाटलं, संपलं. ठेकेदाराची चूक, ठेकेदाराचं पाप, सगळं जुळलं. पण प्रिस्किला मान हलवत होती.

"याने आवरणं बसवली नाहीत, ती चूक मोठीच आहे," ती म्हणाली. "पण याला पक्षी लपवायचा असता तर जेसीबी उभा आहे, खड्डा काढून पुरला असता. कुणाला कधी कळलं नसतं. ज्याने उचलला त्याला तो पुरावासा वाटला नाही. उलट त्याची काळजी घेतली. बर्फात ठेवला, म्हणजे सडू नये. फांदी घातली, म्हणजे कावळ्यांनी टोचू नये. मरण नोंदलं जावं असं त्या माणसाला वाटत होतं, भाऊ. फक्त ते या खांबाखाली नोंदलं जाऊ नये, एवढंच."

"पण का? या खांबाशी कुणाचा काय संबंध?"

प्रिस्किलाने बोट दाखवलं. उघड्या खांबावरून एक बारीक तार फुटून ओढ्यापलीकडे गेली होती, पाड्यावरच्या पत्र्याच्या घरांकडे. ती जिथे संपत होती तिथे एक पांढरी इमारत होती. दारात लिंबाचं मोठं झाड.

"तो दवाखाना आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तिथली सिस्टर माझी मैत्रीण आहे."

५

एस्तेर वळवी आणि प्रिस्किला नवापूरच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्या होत्या. एक पुढे पक्ष्यांमागे गेली, दुसरी नर्स झाली. अरिहंतने एस्तेरला एकदाच पाहिलं होतं, तेही पावसाळ्यात, बाळंतिणीला खाटेवर घालून ओढा ओलांडताना. पाड्यावर डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. बाकी सगळं एस्तेर.

त्यांना दारात बघून ती उठली नाही. टेबलावरची कात्री तिने उगाच सरळ केली. कोपऱ्यात फ्रिज घरघरत होता. त्याच्या शेजारी लसींची जुनी पेटी होती, झाकण तडकलेली, वापरातून काढलेली. ती धुऊन पालथी ठेवली होती.

"मी तुझीच वाट बघत होते," एस्तेर आपल्या बोलीत म्हणाली. मग अरिहंतसाठी मराठीत बोलू लागली. "बर्फाचं कळलं ना तुला?"

"पोट ओलं होतं."

"पुसलं होतं मी. तरी राहिलं."

प्रिस्किला तिच्यासमोर बसली. मग एस्तेरनेच सांगितलं. काल दुपारी दिवा गेला आणि आला. ती बाहेर डोकावली तर वळणावरच्या खांबावरून काहीतरी खाली पडताना दिसलं. पलीकडे जाऊन पाहिलं तर गरुड.

"तुझ्यामुळेच मला तो ओळखता आला," ती म्हणाली. "आणि पुढे काय होणार तेही लगेच कळलं. या पक्ष्याला कायद्याचं मोठं संरक्षण आहे, तूच सांगितलंस. चौकशी होणार, लाइन बंद होणार. किती महिने? गावाची जुनी लाइन आठवड्यातून चार दिवस मेलेली असते. ही आली तेव्हापासून फ्रिज चालतो. त्यात काय आहे ते बघ."

तिने फ्रिज उघडला. बाळांच्या लसी, आणि खालच्या कप्प्यात सर्पदंशावरच्या औषधाच्या बाटल्या.

"लाइन यायच्या आधी साप चावला की माणसाला जीपमध्ये घालून नंदुरबार गाठायचं. गेल्या वर्षी पाड्यावरच्या तुळशीबाईची सून वाटेत गेली. माझ्या मांडीवर. यंदा दोघं वाचले, इथेच." तिने दार लावलं. "मी ठरवलं, खांबाचं नाव येऊ द्यायचं नाही. कंपनी मोठी आहे, एक पक्षी सोसेल."

"पुरला का नाहीस?" प्रिस्किलाने हळूच विचारलं.

"फावडं घेतलं होतं. नाही जमलं. तू वर्षभर उन्हात उभी राहून एकेक पक्षी मोजलास. मी एक मेलेला लपवला, तर तुझा हिशोबच खोटा होणार. म्हणून वाटलं, मोजला जाऊ दे. जागा तेवढी बदलते. दुपारभर माणसं लाइनवर होती, म्हणून पेटीत ठेवला आणि उजाडताना वर नेला." ती थांबली. "तिथे नेल्याने तुझाच अहवाल खोटा पडतो, हे मला आज सकाळी सुचलं. इंजिनिअर खाली पाड्यावर येऊन तुझ्या नावाने बोलत होता तेव्हा. तेव्हापासून घशाखाली काही उतरलेलं नाही."

अरिहंत खिडकीबाहेर बघत राहिला. गुन्हेगार सापडला होता आणि त्याला तिच्यावर रागावता येत नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, की आता सगळं त्याच्या सहीपाशी येऊन ठेपलं आहे.

६

प्रिस्किलाने त्याच संध्याकाळी अहवालात एक पान वाढवलं. गरुड कसा मेला, कुठे मेला, कोणत्या खांबांवर आवरण नव्हतं, सगळं सरळ लिहिलं. पक्षी हलवला गेला हेही लिहिलं. शेवटी दोन सूचना दिल्या. खांबांची आवरणं पुरी होईपर्यंत नवीन बांधकाम सुरू करू नये, आणि दवाखान्याची वीज कोणत्याही कारणाने तोडू नये. काम चालू असताना तेवढ्यापुरतं कंपनीने जनरेटर द्यावा.

कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांचा फोन अरिहंतला आला. साहेब गोड बोलत होते. पवनचक्कीने मारलं नाही हे सिद्ध झालं, उत्तम. तेवढंच लिहा. खांबांचं आपण आतल्या आत बघू. ते पान काढून टाका.

अरिहंत जिन्यात उभा होता. त्याला ओढ्याकाठी कमरेएवढ्या आघाड्यात उभी प्रिस्किला आठवली. मैत्रिणीच्या दवाखान्याकडे दाखवलेलं बोट तिने खाली घेतलं नव्हतं.

"साहेब, आवरणं बसवली असं मी न बघता लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "ते पान राहणार. मी त्याच्याखाली सही करतोय. तुम्हाला मला बदलायचं असेल तर समिती झाल्यावर बदला."

समिती आली. अध्यक्ष वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वाढवलेलं पान दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून प्रिस्किलाकडे पाहिलं. "पक्षी कुणी हलवला, ते यात नाही."

"ते लिहिणं माझं काम नव्हतं, सर. पण विचारलंत तर सांगावं लागेल."

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एस्तेर उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "मी हलवला," ती म्हणाली, आणि दवाखान्यात सांगितलं तेच उभ्याने सांगून टाकलं, एक शब्द न लपवता. खोलीत पितांबर होता, माणकचंद होते, दाराशी टेकून रायसिंग होता.

"वनखात्यात तुम्हाला जबाब द्यावा लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"देईन."

अध्यक्षांनी कागद मिटले. "माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक अहवालांत एकही पक्षी मेलेला नसतो," ते म्हणाले. "ते मी वाचतो, पण माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. या अहवालावर बसला." परवानगी मिळाली, पण आवरणं पुरी झाल्यावर. दवाखान्याच्या विजेची अट त्यांनी स्वतःच्या हाताने यादीत सर्वांत वर लिहिली.

वनखात्याने एस्तेरला समज देऊन सोडलं. अरिहंतला कंपनीने बदललं नाही. बूम आला, आणि ओढ्याच्या वळणावर स्वतः पितांबर वर चढला. काम अडल्याने पुण्याचे साहेब महिनाभर धुसफुसत राहिले.

त्या महिन्यात प्रिस्किला रोज दक्षिण कडेखाली जात होती. मेलेला नर होता, हंगाम अंड्यापिल्लांचा होता, तेव्हा कुठेतरी मादी आणि घरटं असणारच असं तिने धरलं होतं. एका बुटक्या बाभळीच्या शेंड्यावर तिला ते सापडलं. एकच पिल्लू, पुरेसं वाढलेलं, आणि एकटी मादी. पोसू शकेल की नाही, हे प्रिस्किलाला सांगता येत नव्हतं.

एका रविवारी, चर्च सुटल्यावर, ती एस्तेरला आणि अरिहंतला घेऊन गेली. लांबच्या खडकाआड तिघं बसून राहिले. ऊन चढलं. एस्तेरने दोनदा विचारलं, आज येईल ना? प्रिस्किलाने दोन्हीदा सांगितलं, माहीत नाही.

मग कडेवरून, जिथे वारा वर चढतो तिथून, मादी उतरली. तिच्या चोचीतून सापाचं शेपूट लोंबत होतं. पिल्लाने मान ताणली, ते शेपूट धरलं आणि सगळ्या अंगाने ओढायला लागलं.

एस्तेरने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "घोणस आहे का गं?" तिने विचारलं.

"धामण," प्रिस्किला म्हणाली. "पण उद्या घोणसही आणेल."